मारुती ८०० (१९९८, कार्ब्युरेटर): हेड गॅस्केट उडालंय म्हणतात. उघडावं का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. बाबांची ८०० आहे, १९९८ ची. आरसी रिन्यू केलेली, पर्यावरण कर भरलेला, पेपर सगळे चोख. परवा चिपळूणहून येताना कुंभार्ली घाट चढलो आणि हेळवाकच्या अलीकडे टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याच्या वर गेला. गाडी बंद केली, बॉनेट उघडून थंड होऊ दिली, पाणी घातलं. पाटणपर्यंत कशीबशी आली, तिथून टोचन लावून कराडला आणली.

आता लक्षणं सांगते. सकाळी स्टार्ट केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, इंजिन तापल्यावर कमी होतो पण पूर्ण थांबत नाही. सुरुवातीला एक सिलेंडर मिस मारतो. रेडिएटरचं पाणी रोज कमी होतं, पण खाली फरशीवर एक थेंब नाही. ऑइल भरायच्या झाकणाला आतून पिवळट साय धरलीय.

एका मेकॅनिकने बघितल्या बघितल्या सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला, गळती थांबवणारा पत्रा) उडालंय. "हेड उतरवायला लागणार, सगळं धरून बारा हजार, त्यापेक्षा भंगारात द्या." दुसऱ्याने एक बाटली दाखवली, रेडिएटरमध्ये ओता म्हणाला, काम झालं. बाबा दोन्हीला तयार नाहीत. आमच्या शेजारचे काका पूर्वी गॅरेज चालवायचे, ते म्हणतात अंगणातच उघडू. मला स्कूटरची कामं जमतात, कारचं हेड कधी उतरवलेलं नाही. हेड न उघडता आजार नक्की कळतो का? आणि उघडलंच तर काय काय बघून ठेवावं?

चौथा गिअर

ताई, बाटली अजिबात नको. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत सोडियम सिलिकेट असतं. गरम जागी ते काचेसारखं घट्ट होतं आणि फट बुजते, हे खरं आहे. पण फट कुठली आणि रेडिएटरची नळी कुठली, हे त्याला कळत नाही. अमेरिकेत २००९ साली सरकारने जुन्या गाड्या भंगारात घ्यायची योजना काढली होती. ती इंजिनं पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून त्यांत ऑइलच्या जागी हेच सोडियम सिलिकेट ओतून इंजिन जाम करायचे. आता तुम्हीच ठरवा.

हळदीचंही कोणी सांगेल. रेडिएटरला बारीक छिद्र असेल तर हळदीने घरापर्यंत पोचता येतं, आमच्या ट्रकवाल्यांचा जुना उपाय आहे. गॅस्केटला हळद लावून काय होणार?

निवृत्त फिटर

एसटीच्या दापोडी वर्कशॉपात नोकरी झाली, तेव्हा हेडं बरीच उतरवली आहेत. ती डिझेलची होती, पण रोगाचं निदान सारखंच.

आधी झाकणाची साय. ती एकटी असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात गाडी रोज दोन किलोमीटर बाजारापुरती फिरवली की इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणापाशी गोठते आणि ऑइलात मिसळून साय होते. डिपस्टिक बघा. तिच्यावरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर पाणी खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरलं. मग गाडी स्टार्टसुद्धा करू नका, कारण असलं ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही. गॅस्केट स्वस्तात येतं, क्रँक स्वस्तात येत नाही.

डिपस्टिक स्वच्छ असेल तर पुढच्या परीक्षा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा (गरम असताना हात लावायचा नाही, तोंड भाजतं), पाणी काठोकाठ भरा आणि स्टार्ट करा. पहिल्या मिनिटभरातच एकसारखे बुडबुडे येत राहिले तर ती सिलेंडरमधली हवा आहे. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येऊन थांबले तर आत अडकलेली हवा, घाबरू नका. वरचा होज हातात धरा. पाणी अजून कोमट आणि होज दगडासारखा टणक, तर कंप्रेशन पाण्यात शिरतंय.

तिन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. ज्या सिलेंडरात पाणी जातं त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा पांढरा निघतो.

शेवटी कंप्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते गेजने मोजायचं. तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर सोडलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि स्टार्टर मारायचा. आकडा किती यावा यापेक्षा तिघांत फरक किती, ते बघा. शेजारचे दोन सिलेंडर सारखेच खाली आले तर त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी जळाली, हे जवळजवळ नक्की. एकच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

आणि हे सगळं करून झाल्यावर मूळ प्रश्नाकडे या: गाडी तापली का? गॅस्केट आपणहून क्वचित उडतं. आधी इंजिन तापतं, मग गॅस्केट जातं. ते कारण सापडल्याशिवाय हेड उतरवलंत तर पुढच्या घाटात पुन्हा हेच.

वऱ्हाडी ठसका

फिटर काकांशी सहमत. आमच्या नागपुरात ४५ डिग्रीत सिग्नलला उभं राहिलं की गाडीचा फॅन चालू होते की नाही, हे पयले पाहा ना. अर्धे गॅस्केट फॅनमुळेच जातेत.

पेठेतला प्रवासी

मी वाईटपणा घेतो. पंचवीस वर्षांहून जुनी गाडी. हेड उतरवलं की व्हॉल्व्ह दिसतील, व्हॉल्व्ह केले की रिंगांची शंका येईल, मग क्लच, मग पत्रा. बाजारात चालू कंडिशनची ८०० अजूनही फार पैशात जात नाही. भावना बाजूला ठेवून हिशेब मांडला तर पहिला मेकॅनिक बरोबर बोलला.

चौथा गिअर

प्रवासी, हिशेब मांडायचा तर पुरा मांडा. त्याच पैशात मिळणारी दुसरी ८०० तेवढीच जुनी असणार, आणि तिच्या आत काय शिजतंय ते तुम्हाला ठाऊक नाही. हिच्यातला आजार निदान माहीत आहे.

कोयनाकाठ

डिपस्टिक स्वच्छ! ऑइल काळं आहे पण दुधाळ नाही. झाकणाची साय पुसली.

बुडबुडे मात्र थांबतच नाहीत. पाणी थंडगार आणि रेडिएटरच्या तोंडाशी खदखद. शेजारच्या काकांनी कुणाकडून तरी कंप्रेशन गेज आणलं. पहिला सिलेंडर साडेअकरा, दुसरा सहा, तिसरा सहाला थोडा कमी. दुसऱ्याचा प्लग अगदी पांढरा. ऑइल टाकून आकडा हलला नाही.

आणि वऱ्हाडी भाऊ, तुमचा प्रश्न विचारला तसा काकांनी फॅनच्या स्विचची वायर काढून थेट जोडली. फॅन फिरला. म्हणजे मोटार ठीक. स्विच स्वतः चालतो का, ते बघायचंय.

मिशिगनचा मामा

इथे माझ्या गाडीला बॉक्सर इंजिन आहे, म्हणजे दोन बाजूंना दोन हेडं आणि गॅस्केटंही दोन. कंपनीचं नाव राहू दे. त्यामुळे या विषयात माझा हात बसलाय म्हणायला हरकत नाही.

तुमच्या आकड्यांनंतर शंका उरली नाही, पण बाकीच्यांसाठी लिहितो. ब्लॉक टेस्टर नावाची एक नळी मिळते. तिच्यात निळं द्रावण असतं. रेडिएटरच्या तोंडावर बसवून फुगा दाबत राहायचं, की पाण्यावरची हवा त्या द्रावणातून जाते. सिलेंडरमधला जळका वायू आला तर निळ्याचं पिवळं होतं. इथे स्पेअर पार्टच्या दुकानात डिपॉझिट भरून असली हत्यारं घरी नेता येतात. ही सोय आपल्याकडे व्हायला हवी.

दुसरं, गॅस्केट घेताना प्रकार बघा. स्टीलच्या अनेक पत्र्यांचं गॅस्केट हल्ली भारी म्हणून खपवतात. ते चांगलंच असतं, पण त्याला हेडचा आणि ब्लॉकचा पृष्ठभाग फार गुळगुळीत लागतो. अंगणात खरवडलेल्या ब्लॉकवर ते ठेवलं तर गळणार. जुन्या इंजिनाला मूळ प्रकारचंच कंपोझिट गॅस्केट बरं, ते बारीकसारीक ओरखडे सांभाळून घेतं.

निवृत्त फिटर

दोन आणि तीनच्या मधलं गेलंय. उघडा. उघडताना माझ्या काही गोष्टी ऐका.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. गरम ॲल्युमिनियमचं हेड सोडवलं तर ते वाकतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पाणी सोडा, एक नंबरचा पिस्टन वर आणून टायमिंगच्या खुणा जुळवा आणि त्यांचा फोटो काढा. डिस्ट्रिब्युटर हलवायच्या आधी रोटरचं तोंड कुठे आहे त्याची खूण करा. व्हॅक्यूमच्या नळ्या एकसारख्या दिसतात, प्रत्येकीला चिकटपट्टीचा तुकडा आणि नंबर. कार्ब्युरेटर मॅनिफोल्डसकट निघाला तर वेगळा काढू नका.

हेडचे बोल्ट बाहेरून आत सोडवत यायचं. एका दमात नाही, प्रत्येकाला थोडं थोडं. मधला बोल्ट आधी सोडला तर हेड कमानीसारखं ताणतं. हेड चिकटून बसलं तर स्क्रू-ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका. लाकडी ठोकळा ठेवून बाजूने टिचक्या मारा, सुटतं.

साफसफाईत लोक इंजिन मारतात. ग्राइंडरला पॉलिशची चकती लावून ब्लॉक चकाचक करतात. ती चकती ॲल्युमिनियम खाते, खड्डे पाडते, आणि तिची भुकटी ऑइलच्या भोकातून थेट बेअरिंगला जाते. भोकांत चिंध्या कोंबा, लाकडाची किंवा पितळेची पट्टी घ्या आणि हाताने खरवडा. कंटाळवाणं काम आहे, पण तेच खरं काम.

ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करा. तळाला पाणी किंवा ऑइल साचलं असेल तर बोल्ट त्याच्यावर जाऊन टेकतो, पाना टॉर्क (कसण्याचा जोर) दाखवतो आणि हेड मात्र दाबलंच जात नाही. कधी ब्लॉकलाच तडा जातो.

मग हेड उलटं ठेवून त्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं). लांबीत, रुंदीत, दोन्ही कर्णांवर. अशा छोट्या हेडला ०.०५ मिमीच्या वर पान शिरलं की फेसिंग. ब्लॉकलाही हेच करा, तो सहसा सरळ असतो.

रानजाई

मेकॅनिकलचा गंध नाही, तरी धागा सोडवत नाही. एक बाळबोध प्रश्न. फेसिंग म्हणजे हेडचा थर काढून सपाट करणं ना? मग थोडा जास्त काढला तर काय बिघडतं?

निवृत्त फिटर

प्रश्न बाळबोध नाही, लेथवालेसुद्धा विसरतात. थर काढला की ज्वलनाची जागा कमी होते, कंप्रेशन वाढतं, आणि चढावर इंजिन ठोके द्यायला लागतं. शिवाय कॅमशाफ्ट हेडमध्ये बसलेला. हेड खाली आलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर कमी होतं आणि व्हॉल्व्हचं टायमिंग जरासं मागे पडतं. म्हणून लेथवाल्याला सांगायचं, सपाट होण्यापुरतं काढ, चकाकीसाठी नको.

कोयनाकाठ

हेड उतरलं. सविस्तर लिहिते.

गॅस्केट हातात घेतलं तेव्हाच दिसलं. दोन आणि तीनच्या मधली पट्टी बोटाच्या पेरापेक्षा अरुंद. तिच्यावरची स्टीलची कड एका जागी जळून तुटलीय आणि तिथून काळी रेघ पाण्याच्या भोकापर्यंत गेलीय. दुसऱ्या पिस्टनचा माथा लख्ख, बाकी दोघांवर काळा थर. वाफेने धुतला गेला म्हणतात तो असा. हेडवर पट्टी ठेवली तर मध्यभागी ०.१० चं पान आरामात सरकलं. ब्लॉक सरळ आहे.

आता कारण. फॅनचा थर्मो-स्विच काढला. जुन्या पातेल्यात पाणी घेतलं, स्विच सुतळीला बांधून असा सोडला की नुसता नाकाचा भाग पाण्यात राहील, दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावला आणि गॅस पेटवला. पाणी खळाखळा उकळलं तरी मीटर ढिम्म. आई म्हणाली, "यात आता भाजी करणार नाही मी." स्विच गेलेला आहे. हायवेला गाडीचा वेग असतो, वारा रेडिएटरमधून आपोआप जातो, म्हणून कराड-सातारा करताना कधी कळलं नाही. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वारा नाही आणि फॅनही नाही.

त्यात भर म्हणजे थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) घर रिकामं निघालं. मागे कुणीतरी काढून टाकलाय.

हेड घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरला गेलो. तिथल्या लेथवाल्यांनी आधी हवेचा दाब देऊन गरम पाण्यात बुडवलं. व्हॉल्व्ह सीटच्या मधे तडा असेल तर बुडबुडा येतो म्हणे. आला नाही. मग एक हलका कट, ०.१५ मिमी. व्हॉल्व्ह लॅपिंग आणि ऑइल सील तिथेच करून घेतलं.

चौथा गिअर

नाद खुळा! थर्मोस्टॅट नवीन बसवा. "आपल्याकडे गरमीच एवढी, त्याची गरज नाही" हे गॅरेजमधलं वाक्य मला फार डोक्यात जातं. तो नसला की इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, सिलेंडर झिजतात. काही इंजिनांत तर तो काढल्यावर पाण्याचा मोठा भाग रेडिएटर टाळून नुसता आतल्या आत फिरतो. तापू नये म्हणून काढलेला, आणि तापतं त्याच्याचमुळे.

निवृत्त फिटर

रेडिएटरचं झाकणही बदला, वीस वर्षांत त्याची स्प्रिंग मेलेली असते. ०.९ बार दाबाचं झाकण नीट दाब धरत असेल तर पाणी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण मेलं की १०० च्या आसपासच उकळायला लागतं, आणि महाबळेश्वरसारख्या उंचीवर त्याहून चार अंश आधी. आणि नुसतं नळाचं पाणी नको. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं.

कोयनाकाठ

बसवण्यावरून आमच्याकडे वाद चाललाय. शेजारचे काका म्हणतात, "चाळीस वर्षं हाताच्या अंदाजाने कसलं, एकही हेड गळलं नाही." त्यांना गॅस्केटच्या दोन्ही बाजूंना अनाबॉन्डही (ट्यूबमधलं सीलंट) लावायचंय.

निवृत्त फिटर

त्यांना माझा नमस्कार सांगा. हात त्यांचा बरोबरच असेल, पण हात प्रत्येक बोल्टला एकसारखा पडत नाही. सकाळचा पहिला बोल्ट आणि दमल्यावरचा शेवटचा यांत फरक पडतोच. जुन्या छोट्या पेट्रोल इंजिनांत बहुधा खाली बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड असतं. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. दर वेळी इंजिन तापलं-थंडावलं की हेड गॅस्केटवर किंचित सरकतं. एक बोल्ट सैल असला की तिथूनच सुरुवात.

टॉर्क पाना भाड्याने आणा. मधल्या बोल्टपासून सुरू करून बाहेर बाहेर जायचं, तीन टप्प्यांत. आट्यांना ऑइलचा हलका हात. माप तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. धाग्यावर कुणी आकडा दिला तर तो वापरू नका, माझाही नाही. नव्या गाड्यांत बोल्ट अंशांत फिरवून ताणायचे असतात आणि ते एकदाच वापरायचे, त्याच्याशी गल्लत करू नका.

अनाबॉन्ड हेड गॅस्केटला नको. दाबल्यावर जास्तीचं आत निघतं आणि पाण्याची भोकं बुजवतं. व्हॉल्व्ह कव्हरला, ऑइल पॅनला हवं तेवढं लावा म्हणावं. गॅस्केटवर "टॉप" लिहिलेली बाजू वर, आणि ठेवल्यावर प्रत्येक भोक ब्लॉकच्या भोकावर आलंय का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

हेड बसल्यावर बेल्ट नवाच चढवा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का पाहा. अडकलं तर जोर लावू नका, कुठेतरी व्हॉल्व्ह टेकतोय.

पेठेतला प्रवासी

एवढं सगळं केल्यावर खर्च किती आला, तेही लिहा. मी अजून माझ्या मतावर आहे.

कोयनाकाठ

प्रवासी, बारा हजारांच्या निम्म्यातही गेले नाहीत. त्यात गॅस्केट सगळ्यात स्वस्त, उद्यमनगरचं काम सगळ्यात महाग. मजुरी शेजारच्या काकांनी घेतली नाही. आई त्यांना दोन वेळा जेवू घालते, त्याचा हिशेब मला लावता येत नाही.

गाडी चालू झाली. पहिल्या दिवशी सायलेन्सरमधून वाफ आली तेव्हा पोटात गोळा आला, पण ते सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी होतं, थोड्या वेळात संपलं. हवा काढायला झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं. थर्मोस्टॅट उघडल्यावर पाणी एकदम खाली गेलं, तेवढं भरलं. उभ्या गाडीत फॅन आपणहून लागला आणि आपणहून बंद झाला. ऑइल बदललं, थोडं चालवून पुन्हा बदललं. टॅपेट थंड इंजिनावर लावून घेतले. तिन्ही सिलेंडर आता बाराच्या आसपास. रेडिएटरची पातळी रोज सकाळी बघतेय, हलत नाही.

मिशिगनचा मामा

झकास! बोल्ट पुन्हा कसायचे का, ते मॅन्युअल काय म्हणतं बघा. जुन्या कंपोझिट गॅस्केटला काही इंजिनांत थोडं चालवून झाल्यावर थंड इंजिनावर पुन्हा टॉर्क द्यायला सांगतात, काहींत नको म्हणतात.

कुर्ल्याचा वारस

धागा वर काढतोय. माझ्याकडे आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी. कुर्ल्यात बनलेली आणि अजून कुर्ल्यातच उभी. पद्मिनीच्या टॅक्स्या २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्यापासून सुटे भाग हुडकावे लागतात. हेड गॅस्केट ऑपेरा हाउसला एका दुकानात सापडलं. तांब्याच्या पत्र्याचं, मध्ये राखाडी भरण, पाकीट फार जुनं. वापरू का? आणि सध्याचं खरवडताना काही वेगळं?

निवृत्त फिटर

थांबा. तांब्याच्या पत्र्यांमधलं ते राखाडी भरण बहुतेक ॲस्बेस्टॉस आहे. गाडीत आत्ता बसलेलंही तसलंच असण्याची शक्यता मोठी. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. कोरडं खरवडू नका, हवेचा ब्लोअर मारू नका, ग्राइंडर तर नाहीच. पाण्याची फवारणी करून पूर्ण ओलं करा, ओलं असतानाच पट्टीने काढा, निघालेले तुकडे ओल्या फडक्यासकट पिशवीत बांधा. झाडू मारायचा नाही, फरशी ओल्या फडक्याने पुसा. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, धुळीचा नीट मास्क घ्या.

पाकिटातलं जुनं गॅस्केट बसवण्यापेक्षा, तुमचं उतरवलेलं नमुना म्हणून पिशवीतच ठेवून ॲस्बेस्टॉस नसलेलं कापून देणारा शोधा. भोकांची मापं आणि दाबल्यानंतरची जाडी त्याला लिहून द्या. पद्मिनीचा कॅम खाली ब्लॉकमध्ये आहे, पुशरॉडची गाडी. त्यामुळे हेड उतरवताना टायमिंगला हात लागत नाही. पुशरॉड मात्र निघतील त्याच क्रमाने पुठ्ठ्यात भोकं पाडून खोचून ठेवा, आणि बसवताना ज्याचा त्याच्याच जागी.

कुर्ल्याचा वारस

कळलं काका. फवारणीची बाटली आणि मास्क आणतो, मगच बॉनेट उघडतो. उतरवलेल्या गॅस्केटची मापं इथेच टाकेन. कुणाला कापून देणारा माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.